वडिलांच्या छापखान्यातल्या पेजमेकरच्या जुन्या फायली लिनक्सवर उघडायच्या आहेत, मदत हवी

रामबागचा_छापखाना

नमस्कार मंडळी. जरा लांबच लिहितोय, अर्धवट सांगितलं की उत्तरंही अर्धवट येतात.

इंदूरला रामबागेत आमचा छापखाना होता. आजोबांच्या वेळी खिळे जुळवायचे, बाबांनी १९९६ ला कॉम्प्युटर घेऊन डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावणं, सुरू केलं. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, बिलबुकं, आणि दरवर्षी आमच्या गणेशोत्सव मंडळाची स्मरणिका. १९९८ ते २०११ अशा चौदा स्मरणिका बाबांनी पेजमेकर या पानं लावायच्या विंडोजच्या प्रोग्रॅममध्ये लावल्या. त्यातल्या पाच वर्षांच्या छापील प्रती आज कुणाकडेच नाहीत, एका पावसाळ्यात मंडळाच्या खोलीत पाणी शिरलं त्यात गेल्या. लिहिणाऱ्यांपैकी बरेच जण आता हयात नाहीत. यंदा मंडळाला जुने निवडक लेख पुन्हा छापायचेत आणि ते काम मी अंगावर घेतलंय.

छापखान्यातला एक्सपीचा कॉम्प्युटर गेल्या महिन्यात कायमचा बसला, मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेत. हार्ड डिस्क मात्र शाबूत आहे, ४० जीबीची जुन्या रुंद पट्टीवाली. सिल्व्हर मॉलमधून ती यूएसबीला जोडायचा कनेक्टर आणला आणि सगळं कॉपी करून घेतलं. फायली आहेत, फॉन्टचं फोल्डर आहे, पेजमेकर ७ ची ओरिजिनल सीडी नंबरासकट आहे.

माझा कॉम्प्युटर २०१४ चा, चौथ्या पिढीचा आय३. विंडोज ११ त्याला घेत नाही, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून भाच्याने लिनक्स मिंट टाकून दिलं. रोजच्या कामाला छान चालून राहिलंय. पण पेजमेकरच्या सेटअपवर डबल क्लिक केलं की काही होतच नाही. कुणी म्हणतं वाइन टाका, कुणी म्हणतं व्हर्च्युअल मशीन करा. नवा कॉम्प्युटर आत्ता घेणं शक्य नाही. काय करू?

दांडियाबाजारकर

मी बडोद्याचा, दांडिया बाजारात डीटीपीचं काम बरीच वर्षं केलंय आणि गेली काही वर्षं लिनक्सवरच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी हे लक्षात घ्या की पेजमेकरमधल्या मशीन कोडचा आणि तुमच्या प्रोसेसरचा काही झगडा नाहीये. दोघंही एकाच जातीचे, एक्स८६. प्रोसेसरला त्या सूचना कळतात. अडतं ते दुसरीकडेच. प्रोग्रॅमला फाईल उघडायची असली, खिडकी काढायची असली, अक्षर उमटवायचं असलं की तो ऑपरेटिंग सिस्टिमला हाक मारतो, आणि विंडोजचा प्रोग्रॅम त्या हाका विंडोजच्या नावांनी मारतो. तुमच्याकडे पाहुणा आलाय आणि तो त्याच्या घरच्या सवयीने माणसांना हाका मारतोय, तुमच्या घरात त्या नावाचं कुणीच नाही, मग तो दारातच उभा राहणार, डबल क्लिक केल्यावर काही होत नाही ते यामुळेच. वाइन म्हणजे त्या प्रत्येक नावाला "ओ" देणारा घरातला माणूस. मागितलेलं तो लिनक्सच्या पद्धतीने आणून देतो, पाहुण्याला वाटतं आपण आपल्याच घरी आहोत. त्यासाठी विंडोजच्या डीएलएल फायली वाइनवाल्यांनी स्वतः नव्याने लिहून काढल्यात, मायक्रोसॉफ्टचा कोड त्यात नाही.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे पाहुण्यासाठी अंगणात त्याचं अख्खं घर बांधून देणं. त्यात खरी विंडोज टाकावी लागते, तिचं लायसन्स लागतं, रॅम जाते, डिस्क जाते. तुमची रॅम किती आहे ते लिहिलं नाहीत.

माझं मत, आधी वाइन. मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये मिळेल. टाकल्यावर टर्मिनलमध्ये वाइन३२ नाही असा मेसेज आला तर ३२ बिटचा भाग वेगळा टाकावा लागतो, तेवढं करा, पेजमेकर ३२ बिटचं आहे. आणि पेजमेकरसाठी वेगळा प्रिफिक्स करा. प्रिफिक्स म्हणजे एक फोल्डर, त्यात वाइन स्वतःचं सी ड्राइव्ह आणि रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांची वही, ठेवतं. बिघडलं तर फोल्डर उडवायचं, बाकी कशाला धक्का नाही.

लष्करची_लेक

मी ग्वाल्हेरची, एका कॉलेजच्या लॅबमध्ये काम करते. दांडियाबाजारकर काकांचं समजावणं आवडलं, पण मी व्हर्च्युअल मशीनच्या बाजूने बोलणार.

आमच्या लॅबमध्ये वाइनवर एक प्रोग्रॅम बसवायला मी तीन दिवस घातले आणि शेवटी कळलं की तो डोंगलशिवाय उघडत नाही, म्हणजे प्रोग्रॅम विकत घेतलाय हे दाखवायला पोर्टात लावायची ती छोटी किल्ली. डोंगलला ड्रायव्हर लागतो, ड्रायव्हर विंडोजच्या कर्नेलमध्ये, म्हणजे अगदी आतल्या गाभ्यात, बसतो, आणि वाइनचं काम कर्नेलच्या वरच्या मजल्यावर चालतं. व्हर्च्युअल मशीनमध्ये यूएसबीचा डोंगल सरळ आत सोडता येतो, एका तासात झालं. बाबांच्या छापखान्यात मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर डोंगलवालं असणार, त्या काळी बहुतेक सगळ्यांचं असायचं. ते आधी बघा दादा, नाहीतर माझ्यासारखे दिवस जातील.

रामबागचा_छापखाना

ताई, बरोबर ओळखलंत. डोंगल आहे, आणि तोही यूएसबीचा नाही, प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टात लागणारा. माझ्या कॉम्प्युटरला तसला पोर्टच नाही. रॅम ४ जीबी आहे. आता?

दांडियाबाजारकर

४ जीबीत मिंट आणि व्हर्च्युअल मशीन दोन्ही चालतील पण कासवगतीने. आणि पॅरलल पोर्टच नाही म्हटल्यावर व्हर्च्युअल मशीन तरी डोंगल कुठून आणणार.

पण तुम्हाला डोंगल लागतो कशाला? तो टायपिंगच्या सॉफ्टवेअरसाठी, म्हणजे कीबोर्डवर क दाबलं की त्या फॉन्टमधलं क कुठल्या क्रमांकावर आहे ते पाठवण्यासाठी. तुम्हाला टाइप करायचं नाहीये, आधी टाइप केलेलं बघायचंय. त्याला फक्त फॉन्ट पुरतात, आणि ते टीटीएफ म्हणजे साध्या ट्रूटाइप फॉन्टच्या फायली असतील तर झालंच. फोल्डर उघडून बघा.

रामबागचा_छापखाना

फोल्डरमध्ये ११० टीटीएफ आहेत. पेजमेकर चढलं! वाइन३२ चा मेसेज आलाच, सांगितलं तसं केलं, मग सेटअप पहिल्या फटक्यात पुढे गेला. ती करड्या रंगाची टूलपट्टी दिसल्यावर बाबा खुर्ची ओढून शेजारी येऊन बसले.

पण फाईल उघडली तर सगळं गचाळ. पानभर इंग्रजी अक्षरं, त्यांच्या डोक्यावर टिंबं आणि टोप्या. मराठीचा पत्ता नाही. फॉन्ट मिंटमध्ये डबल क्लिक करून बसवलेत.

दांडियाबाजारकर

गचाळ नाही ते, मजकूर सुखरूप आहे. त्या काळच्या मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच क्रमांकांवर मराठी तुकडे बसवलेले असायचे, कुठे काना, कुठे अर्धा स. फाईलमध्ये फक्त क्रमांक असतात. फॉन्ट सापडला की मराठी, नाही सापडला की इंग्रजीच्या टोप्या. ते ११० फॉन्ट पेजमेकरच्या प्रिफिक्समध्ये, ड्राइव्ह सी, विंडोज, फॉन्ट्स या फोल्डरमध्ये कॉपी करा आणि पेजमेकर बंद करून परत उघडा.

किराणा_लोकमान्यनगर

मध्येच विचारतो, माफ करा, पण विषय जवळचाच आहे. मी पण इंदूरचाच. दुकानातला बिलिंगचा प्रोग्रॅम वाइनवर चालतो पण वजनकाटा जोडलेला दिसत नाही. काट्याची केबल यूएसबीवाली आहे, प्रोग्रॅम कॉम१ (विंडोजमधला पहिला सिरीयल पोर्ट) च मागतो, दुसरं काही निवडूच देत नाही.

नर्मदे_हर

भाऊ, दोन गोष्टी. लिनक्समध्ये सिरीयल पोर्ट वापरायला तुमचा युजर डायलआउट नावाच्या ग्रुपमध्ये लागतो, तो टाका आणि लॉगआउट करून परत या. दुसरं, वाइन यूएसबीवाल्या पोर्टला बहुतेक कॉम३३ असा नंबर देऊन बसतं, कारण आधीचे ३२ नंबर मदरबोर्डच्या पोर्टांसाठी धरलेले असतात, खरे पोर्ट असोत नसोत. वाइनची रजिस्ट्री उघडा, एचकी लोकल मशीन, त्यात सॉफ्टवेअर, वाइन, पोर्ट्स, तिथे कॉम१ नावाची स्ट्रिंग करून तिच्यात टीटीवाययूएसबी० चा पूर्ण पत्ता द्या. मग वाइन पूर्ण बंद करून चालू करा, नुसता प्रोग्रॅम बंद करून भागत नाही.

किराणा_लोकमान्यनगर

झालं. ५०० ग्रॅमचं वजन ठेवलं, ०.५०० आलं स्क्रीनवर. दोन महिने हाताने टाकत होतो वजनं. फार उपकार झाले.

रामबागचा_छापखाना

मराठी आलं! पण पूर्ण नाही. शीर्षकं ठीक, लेखांतली काही अक्षरं मात्र फुटतात. क, म, काना, वेलांटी सगळं बरोबर, पण जिथे जोडाक्षर तिथे चौकोन. श्र नाही, द्य नाही, रफार कुठे आहे कुठे नाही. बाबांनी कागद घेऊन यादी केली, फुटणारी २३ अक्षरं निघाली. मग त्यांनी कपाटातून फॉन्टचा जुना चार्ट काढला, ते सॉफ्टवेअर घेतलं तेव्हा मिळालेला, पिवळा पडलाय. त्याच्यावरून त्यांच्या लक्षात आलं की फुटणारी सगळीच्या सगळी १२८ च्या पुढच्या क्रमांकांची आहेत. १२७ पर्यंतचं एकही फुटत नाही. याला काही अर्थ आहे का?

लष्करची_लेक

दादा, बाबांना माझा नमस्कार सांगा, निम्म्याहून जास्त काम त्यांनीच केलंय.

मिंटची भाषा काय ठेवलीय? मराठी का?

रामबागचा_छापखाना

हो, भाच्याने मराठीच ठेवलीय, मेनू मराठीत आहेत. ते बदलायचं नाहीये, आई पण वापरते.

लष्करची_लेक

बदलू नका. कोडपेज म्हणजे कुठल्या क्रमांकाचं कुठलं अक्षर याचा तक्ता, आणि वाइन तो ठरवतं लिनक्सच्या भाषेवरून. पेजमेकर युनिकोडच्या (जगातल्या सगळ्या लिप्यांना वेगवेगळे क्रमांक देणारी आजची पद्धत) आधीच्या पठडीतलं, त्याला एका अक्षराला एक बाइट माहीत, आणि १२८ च्या पुढच्या बाइटचा अर्थ कोडपेजवर अवलंबून असतो. बाबांनी ते काम इंग्रजी विंडोजवर केलं असणार, म्हणजे कोडपेज १२५२. मराठीसाठी विंडोजमध्ये तसलं जुनं कोडपेज नाहीच, मराठी सरळ युनिकोडमध्येच आली. त्यामुळे तुमच्या मिंटची मराठी बघून वाइन १२५२ धरत नाही, आणि वरच्या क्रमांकांचे अर्थ हरवतात.

मेनूमध्ये पेजमेकरचा जो शॉर्टकट आहे त्याच्या कमांडच्या आधी फक्त लँग या व्हेरिएबलला अमेरिकन इंग्रजी यूटीएफ-८ द्या. ती भाषा सिस्टिममध्ये तयार केलेली असायला हवी, मिंटच्या भाषा सेटिंगमध्ये बघा. आईंचे मेनू मराठीतच राहतील, फक्त पेजमेकरला इंग्रजी घर दिसेल. लँगने नाही झालं तर एलसी ऑल या व्हेरिएबलला तेच द्या.

रामबागचा_छापखाना

ताई, झालं!! लँगने नाही, एलसी ऑलने झालं. २३ च्या २३ आली. बाबांनी चार्टवर एकेक अक्षरावर पेन्सिलने टिक करत पूर्ण पान तपासलं. "श्रद्धा" शब्द आला तेव्हा त्यांनी चष्मा काढून परत लावला. ते म्हणाले त्या फॉन्टातला द्ध त्यांना कधीच आवडला नव्हता, आणि इतक्या वर्षांनी दिसला तर बरा वाटला.

नर्मदे_हर

वाचून फार आनंद झाला. एक सांगावंसं वाटतं. वाइन १९९३ ला सुरू झालं, विंडोज ३.१ चा जमाना, लिनक्स दोन वर्षांचं पोर होतं. १९९४ पासून अलेक्झांडर ज्युलियार्ड नावाचा माणूस ते सांभाळतोय. आवृत्ती १.० निघाली १७ जून २००८ ला, म्हणजे १५ वर्षांनी! मायक्रोसॉफ्टने कागदावर लिहिलेलं असतं एक, प्रोग्रॅम वागतात दुसरंच, आणि प्रत्येक वेळी विंडोज नक्की कशी वागते ते बाहेरून पारखून तसंच लिहायचं, चुकांसकट, कारण प्रोग्रॅम त्या चुकांवर पण विसंबलेले असतात. पुढे २०१८ ला व्हॉल्व्ह कंपनीने गेमसाठी यावरच प्रोटॉन काढलं. गेम खेळणाऱ्या पोरांमुळे लोकांना वाइनचं नाव कळलं, पण मला विचाराल तर त्याची खरी किंमत तुमच्यासारख्या कामात आहे. ६४ बिटच्या विंडोजवर १६ बिटचा एकही प्रोग्रॅम चालत नाही, मायक्रोसॉफ्टने ते दारच बंद केलं, आणि त्या वेळच्या कित्येक ३२ बिट प्रोग्रॅमांचा इन्स्टॉलर १६ बिटचा असायचा. म्हणजे आज नवीकोरी विंडोज ११ ची मशीन आणली असती तरी काही सीड्या तिच्यावर चढल्या नसत्या, वाइनवर चढतात.

एक सावधगिरी मात्र घ्या. वाइन म्हणजे कुलूपबंद खोली नाही. त्यात झेड नावाचा ड्राइव्ह असतो, त्यातून तुमची अख्खी डिस्क दिसते. छापखान्याच्या कॉम्प्युटरला गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह लागायचे, त्यात व्हायरस असणारच, आणि विंडोजचा व्हायरस वाइनमध्ये चालू शकतो, तुमच्या घरच्या फायलींपर्यंत पोचू शकतो. जुन्या डिस्कवरची कुठलीही अनोळखी ईएक्सई उघडू नका, क्लॅमएव्हीने फोल्डर तपासा आणि वाइनच्या सेटिंगमधून झेड काढून टाका.

रामबागचा_छापखाना

तपासलं, सात निघाले. सगळे काढले, झेडही काढला.

आता दोन अडचणी. १९९९ ची स्मरणिका उघडते पण फोटोंच्या जागी करडे चौकोन, आणि प्रत्येक फोटोला विचारतो फाईल कुठे आहे. आणि प्रेसला द्यायला पीडीएफ कशी काढू?

दांडियाबाजारकर

पेजमेकर मोठे फोटो फाईलमध्ये ठेवत नाही, बाहेरच ठेवतो आणि फक्त पत्ता लिहून ठेवतो. बाबांचे फोटो बहुतेक डी ड्राइव्हवर असतील, आणि तुमच्या वाइनमध्ये डी नाहीच. वाइनच्या सेटिंगमध्ये ड्राइव्हजच्या पानावर डी जोडा आणि त्याला जुन्या डी ड्राइव्हची कॉपी असलेलं फोल्डर दाखवा. आतल्या फोल्डरांची नावं आणि जागा अजिबात हलवू नका. नावातलं कॅपिटल-स्मॉल वाइन सांभाळून घेतं, त्याची काळजी नको.

पीडीएफसाठी मिंटमध्ये कप्स-पीडीएफ नावाचा प्रिंटर टाका. वाइन लिनक्सचे प्रिंटर आपोआप घेतं, प्रिंट दिलं की पीडीएफ तयार. आधी एकच पान काढा आणि झूम करून फॉन्ट आत बसलेत का बघा. छापायला ती पीडीएफ पुरेल, पण तिच्यातून मजकूर कॉपी केलात तर परत टोप्याच मिळतील. लेख युनिकोडमध्ये हवे असतील तर पेजमेकरमधून मजकूर काढून कन्व्हर्टरमधून घाला. आणि मग डोळ्यांनी वाचा, हे टाळू नका. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी ठेवलेली असते, दिसते तशी, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं उलट, तिकडे नंतर, इकडे आधी. कन्व्हर्टर हे फिरवतो पण जोडाक्षराला वेलांटी आली की काही वेळा चुकीच्या जागी टाकतो. "शक्ति" आणि "स्थिती" असे शब्द शोधून बघा. आणि "ऱ्या", "ऱ्ह" मधला तो चोचीचा र, तो तर बऱ्याच कन्व्हर्टरांना माहीतच नसतो, "दुसऱ्या" चं "दुसर्या" होऊन बसतं.

रामबागचा_छापखाना

डी ड्राइव्ह दाखवला आणि एकामागून एक करडे चौकोन भरत गेले. १९९९ च्या पान १४ वर आजोबांचा फोटो आहे, खिळ्यांच्या केससमोर उभे, हातात स्टिक धरलेली, तिच्यात जुळवलेल्या ओळी. हा फोटो आमच्या घरात कुठेच नव्हता, प्रत वाहून गेली तेव्हाच गेला असं धरून चाललो होतो. आईला बोलावलं. तिने आधी फोटो नाही बघितला, खालची ओळ वाचली, कारण ती ओळ तिने लिहिली होती आणि ती विसरून गेली होती.

पीडीएफ काढली, फॉन्ट आत बसलेत. सहा स्मरणिकांच्या पीडीएफ तयार आहेत. मजकूर युनिकोडमध्ये करायचं काम मी आणि बाबा वाटून करतोय, मी कन्व्हर्टरमधून काढतो, ते छापून घेऊन लाल पेनने तपासतात. "दुसऱ्या" चं खरंच "दुसर्या" झालं होतं, एका लेखात एकोणीस वेळा.

२००३ च्या अंकात अडलोय. त्यातले फोटो डी वर नाहीत, पत्त्यात एफ ड्राइव्ह आहे. बाबा म्हणतात ते झिप डिस्कवर होते, १०० एमबीची जाड चौकोनी डिस्क. काल कपाटात डिस्क सापडली, बाबांच्या अक्षरात "स्मरणिका २००३ फोटो" लिहिलेलं आहे. पण ती वाचणारा ड्राइव्ह आमच्याकडे नाही, तो त्या वेळी एका ओळखीच्या प्रेसमधून मागून आणायचे. इंदुरात कुणाकडे चालू झिप ड्राइव्ह असेल तर कृपया कळवा. देवासला, उज्जैनला असला तरी येईन.

किराणा_लोकमान्यनगर

भाऊ, माझ्या मोठ्या भावाकडे आहे. तो पूर्वी फोटो स्टुडिओ चालवायचा. ड्राइव्ह पॅरलल पोर्टवाला आहे, पण तसला पोर्ट असलेला जुना डेस्कटॉप पण त्याच्याकडेच आहे, आत्ता फोन करून विचारलं, म्हणाला दिवाळीत लावला होता तेव्हा चालू होता. सुदामा नगरला राहतो. रविवारी दुपारी दुकान बंद असतं तेव्हा मी घेऊन जातो तुम्हाला. बाबांना पण आणा.